‘समाजाचा आधार’ म्हणजे नेमकं काय? एका गाजलेल्या अभ्यासाची चिकित्सा

दोन वर्षांपूर्वी माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी एक वाक्य लिहिलं होतं: “समाजाचा आधार मिळाला की बेघर कुटुंबं पुन्हा स्थिर होतात, हे संशोधनातून सिद्ध झालं आहे.” पुढे कंसात अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा संदर्भ दिला होता. गाईड मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि समासात दोन प्रश्न लिहिले: “कोणता आधार? कुठल्या पानावर?”

खरं सांगायचं तर मी फक्त सारांश वाचला होता. त्यात ‘कम्युनिटी-बेस्ड’ हा शब्द दिसला, ‘स्थैर्य’ हा शब्द दिसला, आणि दोन्ही जोडून माझं वाक्य तयार झालं. मॅडमच्या प्रश्नाला उत्तर द्यायला म्हणून मूळ अहवाल उघडला. तो शेकडो पानांचा आहे. वाचत गेले तसं लक्षात आलं की माझं वाक्य त्यात नाहीच. उलट, ज्या पर्यायाच्या नावात ‘कम्युनिटी’ आहे, त्यानेच स्थैर्यात फारसा फरक पडला नाही, असं तिथे लिहिलं होतं.

ही चूक माझ्या एकटीची नाही. पेट देऊन नुकतेच आत आलेले आपण सगळेच ती करतो. म्हणून आज त्या अभ्यासाची नीट चिकित्सा करू. चिकित्सा म्हणजे नुसते दोष काढणं नाही. अभ्यास काय सांगू शकतो, काय सांगू शकत नाही, आणि आपण त्याच्या तोंडी काय घालतो, हे तीन वेगळे कप्पे करायचे.

अभ्यास काय होता

त्याचं नाव ‘फॅमिली ऑप्शन्स स्टडी’. अमेरिकेच्या गृहनिर्माण आणि नगरविकास विभागाने तो करून घेतला. ॲब्ट असोसिएट्स ही संशोधन संस्था आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठ यांनी तो केला. डॅनियल गुबिट्स आणि मेरीबेथ शिन ही त्यातली प्रमुख नावं. सप्टेंबर २०१० ते जानेवारी २०१२ या काळात १२ ठिकाणच्या आपत्कालीन निवाऱ्यांमधून २,२८२ कुटुंबं निवडली गेली. अटी दोन होत्या: कुटुंब किमान सात दिवस निवाऱ्यात राहिलेलं असावं, आणि सोबत १५ वर्षांचं किंवा त्याहून लहान एक तरी मूल असावं.

यातलं नमुनेदार कुटुंब म्हणजे एक बाई आणि तिची एक-दोन मुलं. त्या बाईचं मध्यक वय २९. मी आज अठ्ठावीस वर्षांची आहे. फेलोशिप उशिरा जमा झाली की मला घरून पैसे मागवता येतात, एवढाच काय तो आमच्यातला फरक, असं तो तक्ता बघताना वाटून गेलं.

या कुटुंबांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, चार गटांत वाटलं:

पहिला गट, ५९९ कुटुंबं: दीर्घकालीन भाडे-अनुदान. याला साधारणपणे व्हाउचर म्हणतात. कुटुंबाने आपल्या उत्पन्नाच्या अंदाजे ३० टक्के रक्कम भाड्यापोटी भरायची, उरलेलं भाडं ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार भरतं. घर खासगी मालकाचं, शोधायचं स्वतः. सोबत समुपदेशन वगैरे खास काही नाही.

दुसरा गट, ५६९ कुटुंबं: ‘कम्युनिटी-बेस्ड रॅपिड री-हाउसिंग’. तात्पुरती भाड्याची मदत, जास्तीत जास्त १८ महिने, आणि घर शोधायला थोडं साहाय्य. माझी फसगत झाली ती या नावामुळे.

तिसरा गट, ३६८ कुटुंबं: संक्रमण निवास. संस्थेच्या इमारतीत किंवा संस्थेने दिलेल्या जागेत २४ महिन्यांपर्यंत राहायचं, आणि सोबत भरपूर सेवा: समुपदेशन, नोकरीचं मार्गदर्शन, पालकत्वाचे वर्ग. आपल्याकडच्या ट्रान्झिट कॅम्पशी याची गल्लत करू नका. तिथे इमारत पडते म्हणून माणसं हलवतात. इथे माणसाला ‘तयार’ करायचं अशी कल्पना आहे.

चौथा गट, ७४६ कुटुंबं: ‘नेहमीची मदत’. म्हणजे खास काही दिलं नाही. निवारा आणि गावात एरवी जे मिळेल ते.

या मांडणीमागे दोन विचारांची टक्कर आहे, ती समजली की अर्धा अहवाल समजतो. एक विचार म्हणतो, कुटुंब बेघर होतं कारण त्याच्या आत काही अडचणी असतात: व्यसन, नैराश्य, शिक्षणाचा अभाव. त्या आधी सोडवा, मग घर टिकेल. संक्रमण निवास या विचारावर उभा आहे. दुसरा विचार म्हणतो, भाडं परवडत नाही म्हणून कुटुंब बेघर होतं. भाडं परवडू द्या, बाकीचं बरंचसं ते स्वतः बघून घेईल. व्हाउचर या विचारावर.

काय निघालं

निकाल दोन टप्प्यांत आले. सरासरी २० महिन्यांनंतरचे २०१५ मध्ये, ३७ महिन्यांनंतरचे २०१६ मध्ये.

नेहमीच्या मदतीच्या गटातली जवळपास निम्मी कुटुंबं २० महिन्यांनंतरही अस्थिर होती. म्हणजे अलीकडच्या काळात एकदा तरी बेघर, निवाऱ्यात किंवा दुसऱ्याच्या घरी आश्रयाला राहिलेली. व्हाउचरच्या गटात हे प्रमाण निम्म्याहूनही कमी झालं. तीन वर्षांनंतरही साधारण निम्म्याचा फरक टिकून होता. गंमत पुढे आहे. व्हाउचरसोबत समुपदेशन नव्हतं, तरी पहिल्या टप्प्यात आयांचा मानसिक ताण कमी झाला, जोडीदाराकडून होणारी हिंसा कमी झाली, मुलांपासून ताटातूट कमी झाली, शाळा बदलण्याचं प्रमाण घटलं.

तात्पुरत्या मदतीचा गट आणि नेहमीच्या मदतीचा गट यांत स्थैर्याच्या बाबतीत फारसा फरक दिसला नाही. मात्र खर्च सर्वांत कमी. संक्रमण निवासामुळे निवाऱ्यातले मुक्काम कमी झाले, पण ज्यासाठी त्या सगळ्या सेवा होत्या, म्हणजे मोठ्यांचं स्वास्थ्य, कुटुंब एकत्र राहणं, कमाई, त्यात फरक आढळला नाही.

आणि व्हाउचरची दुसरी बाजूही अहवालाने लपवली नाही. पहिल्या टप्प्यात त्या गटात काम करणाऱ्यांचं प्रमाण थोडं घटलं. तीन वर्षांपर्यंत तो फरक बराच ओसरला.

खर्चाचं गणित बघा. आपत्कालीन निवारा एका कुटुंबामागे महिन्याला सुमारे ४,८०० डॉलर. संक्रमण निवास सुमारे २,७००. व्हाउचर सुमारे १,१६०. तात्पुरती मदत सुमारे ८८०. म्हणजे सर्वांत महाग गोष्ट कोणती, तर काहीच न करता कुटुंबाला निवाऱ्यात ठेवणं. व्हाउचर महिन्याला स्वस्त असलं तरी ते वर्षानुवर्षं चालतं, म्हणून तीन वर्षांच्या हिशेबात त्या गटाचा एकूण खर्च नेहमीच्या मदतीपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त आला.

आधी याचं बळ समजून घ्या

चिकित्सा करताना घाईने उणिवांकडे जायचं नाही. या अभ्यासाने तीन गोष्टी फार चांगल्या केल्यात, आणि त्या तुमच्या मुलाखतीत हमखास विचारल्या जातात.

एक, तुलना. एखादी संस्था सांगते, “आमच्याकडून बाहेर पडलेल्या शंभरातल्या ऐंशी कुटुंबांनी घर टिकवलं.” ऐकायला छान. पण त्या कुटुंबांना संस्था भेटली नसती तर किती टिकली असती? कदाचित सत्तर, कदाचित पंचाऐंशीसुद्धा. तुलनेचा गट नसेल तर ऐंशी हा आकडा अधांतरी आहे. नेहमीच्या मदतीच्या गटातली निम्मी कुटुंबं खास काही न मिळता सावरली होती, हे विसरू नका. त्यांच्यापैकी एखादीची मुलाखत घेऊन कुणीही यशोगाथा लिहू शकेल.

दोन, वाटपानुसार विश्लेषण. संक्रमण निवास मिळालेल्यांपैकी जेमतेम निम्म्याहून थोड्या अधिक कुटुंबांनीच तो प्रत्यक्ष घेतला. व्हाउचर मात्र ८४ टक्क्यांनी वापरलं. मग ज्यांनी घेतलं त्यांचीच तुलना का केली नाही? कारण जी कुटुंबं नियम पाळून, मुलाखत देऊन, जागेची वाट बघून आत गेली, ती मुळातच वेगळी असू शकतात. त्यांचीच तुलना केली तर चिठ्ठ्या टाकल्याचा उपयोग संपला. म्हणून ज्याला जे वाटलं गेलं त्या गटातच त्याला मोजलं. शिवाय ‘निम्म्यांनी घेतलंच नाही’ हा स्वतःच एक निष्कर्ष आहे. दारात ठेवलेलं ताट कुणी उचलत नसेल तर स्वयंपाकाची चर्चा नंतर करायची.

तीन, मुख्य परिणाम आधी ठरवला होता. डझनावारी गोष्टी मोजल्या की त्यातल्या काही नुसत्या योगायोगानेही ‘लक्षणीय’ निघतात. एम.एस्सी.ला आपण हे पाठ करतो आणि पीएच.डी.ला विसरतो. इथे घराच्या स्थैर्याचा एक परिणाम मुख्य म्हणून ठरवला आणि बाकीचे शोधक स्वरूपाचे ठेवले.

आता माझ्या शंका

पहिली शंका ‘आढळला नाही’ या शब्दांबद्दल. संक्रमण निवासाचा गट सर्वांत लहान होता, ३६८ कुटुंबांचा. त्यातही प्रत्येकाची तुलना प्रत्येकाशी होत नाही. एखाद्या ठिकाणी ज्या कुटुंबाला दोन्ही पर्याय मिळू शकत होते, तेवढ्यांचीच आपसात तुलना होते. त्यात निम्म्यांनी तो पर्याय वापरला नाही. अशा वेळी छोटा फरक असला तरी तो पकडणं अवघड. तुलनाही ‘काहीच न मिळालेल्यां’शी नाही. नेहमीच्या मदतीतल्या काही कुटुंबांनी स्वतःच्या खटपटीने व्हाउचर किंवा संक्रमण निवास मिळवलाच होता, आणि निवाऱ्यांतही सेवा असतात. म्हणून ‘समुपदेशन निरुपयोगी’ असा अर्थ काढणं म्हणजे मी केलेली चूकच उलट्या दिशेने करणं. अहवालातून एवढंच म्हणता येतं की महागडं सेवा-केंद्रित निवासस्थान नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही.

दुसरी शंका नमुन्याबद्दल, आणि ही मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सात दिवसांची अट आठवा. घर गेल्यावर कुटुंब सहसा थेट निवाऱ्यात जात नाही. आधी आई, बहीण, मैत्रीण, शेजारी. तिथली सोय संपली, भांडण झालं, घरमालकाने हरकत घेतली, की मग निवारा. आणि निवाऱ्यात आल्यावरही ज्यांचं कुणी आहे ती कुटुंबं लवकर बाहेर पडण्याची शक्यता जास्त. संशोधकांनी अट घालण्याचं कारण योग्यच होतं: जे चार दिवसांत स्वतःच सावरतात त्यांच्यावर मोठी मदत खर्च का करायची? पण याचा परिणाम असा की नमुन्यात बरीचशी तीच कुटुंबं उरली ज्यांच्यासाठी नात्यागोत्याचा आधार आधीच आटला होता. मग या अभ्यासाच्या जोरावर नात्यांच्या, शेजाऱ्यांच्या, वस्तीच्या आधाराबद्दल बोलायचं कसं? ‘होतो’ असंही म्हणता येत नाही, ‘होत नाही’ असंही नाही. तो प्रश्न अभ्यासाच्या दारातच गाळला गेला. भरीस भर म्हणजे काही ठिकाणी संस्थांच्या पात्रतेच्या अटींमुळेही (उत्पन्न, व्यसन, गुन्ह्याची नोंद) काही पर्याय काही कुटुंबांना उपलब्धच नव्हते.

तिसरी शंका मोजपट्टीबद्दल. इथे थोडं वैयक्तिक सांगते.

मावशीचं घर

मी आठ वर्षांची असताना आमची चाळ धोकादायक ठरली आणि आम्हाला खोली सोडावी लागली. दुसरी जागा भाड्याने घ्यायला डिपॉझिट नव्हतं. आम्ही चौघं डोंबिवलीला मावशीकडे गेलो. तिची वन रूम किचन, घरात ती चार माणसं. आठ जण तेरा महिने तिथे राहिलो. माझी चौथी तिथेच झाली.

अहवालातला मुख्य परिणाम असा आहे: गेल्या सहा महिन्यांत एक रात्र तरी बेघर असणं, किंवा स्वतःची जागा मिळत नाही, परवडत नाही म्हणून मित्र-नातेवाइकांकडे राहणं, किंवा गेल्या वर्षभरात निवाऱ्यात मुक्काम. हे सगळं मिळून एक आकडा. या मोजपट्टीवर आमचं कुटुंब सलग ‘अस्थिर’ ठरलं असतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला. ज्याला मी आयुष्यातला सर्वांत मोठा आधार समजत होते, त्याला हे लोक अपयशाच्या रकान्यात टाकतात!

सुट्टीत घरी गेल्यावर आईला विचारलं. ती म्हणाली, “ताईचे उपकार फिटणार नाहीत. पण ते दिवस परत नकोत.” मग तिने मला माहीत नसलेल्या गोष्टी सांगितल्या. काका रात्रपाळी करून आले की झोपायला जागा मिळावी म्हणून ती आम्हाला घेऊन बागेत जाऊन बसायची. मावसभावाचं दहावीचं वर्ष होतं, तो शेजाऱ्यांकडे अभ्यासाला जायचा. गॅसचा सिलिंडर कुणी आणायचा यावरून एकदा दोन बहिणींमध्ये आठवडाभर अबोला होता. बाबांना नवी खोली मिळाली ती एका सहकाऱ्याने डिपॉझिटला पैसे दिले म्हणून.

त्यानंतर मी मोजपट्टीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. संशोधक चुकले नव्हते. दुसऱ्याच्या घरी राहणं म्हणजे अस्थिरताच, मग घर कितीही प्रेमाचं असो. पण माझ्या दोन हरकती शिल्लक राहिल्या.

एक, रस्त्यावरची रात्र आणि बहिणीच्या घरातली रात्र एकाच आकड्यात मिसळली की आकडा मोठा होतो, पण त्याचा अर्थ पातळ होतो. अहवालाच्या आतल्या तक्त्यांत दोन्ही वेगळे दिलेले आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण बातमीत, सेमिनारमध्ये, आपल्या सिनॉप्सिसमध्ये पोचतो तो एकत्रित आकडा. म्हणून तक्त्यापर्यंत जायचं.

दोन, मावशी या अभ्यासात कुठेच नाही. खर्चाच्या हिशेबात कार्यक्रमांचा खर्च आहे: निवारा, अनुदान, सेवा. ज्या घराने दुसरं कुटुंब सामावून घेतलं त्याचा खर्च कुणीच मांडलेला नाही. तिचं वाढलेलं वीजबिल, मुलाचं दहावीचं वर्ष, आणि बहुतेक तीही जेमतेम भाडं भरणारीच. समाजाचा आधार फुकट वाटतो, कारण त्याची पावती कुणी फाडत नाही.

व्याख्या बदलली की माणसं गायब होतात

हा मुद्दा आपल्या आकडेवारीलाही लागू आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. जे इमारतीत राहत नाहीत ते बेघर: रस्त्याकडेला, फुटपाथवर, पाइपात, पुलाखाली, रेल्वे फलाटावर राहणारे. देशभरात १७.७३ लाख माणसं, महाराष्ट्रात साधारण २.१ लाख. या व्याख्येत आमचं कुटुंब बसत नाही, डोक्यावर छप्पर होतं. अमेरिकेच्या गृहनिर्माण विभागाच्या नेहमीच्या मोजणीतही आम्ही बसलो नसतो. पण तिथल्या शिक्षणविषयक कायद्यात, घर गमावल्यामुळे दुसऱ्याकडे राहणारं मूल बेघर धरलं जातं, कारण शाळेच्या दृष्टीने त्याची अडचण तीच असते. म्हणजे एकच मुलगी, तेच घर, तीच रात्र, पण एका कागदावर बेघर, दुसऱ्यावर नाही. दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांच्या व्याख्या शेजारी ठेवा.

भायखळ्याचा फुटपाथ

मग समाजाच्या आधाराबद्दल पुरावाच नाही का? आहे, पण तो वेगळ्या जातीचा आहे. त्याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे.

१९८१ मध्ये मुंबईत फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मोहीम झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑल्गा टेलिस खटला म्हणून ते ओळखलं जातं. जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण झोपड्या हटवायला कायमची मनाई केली नाही. त्याच वर्षी, भायखळ्यात काम करणाऱ्या ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवासीयांची गणना केली आणि ‘वी, द इनव्हिजिबल’ नावाने प्रसिद्ध केली. सुमारे ६,००० कुटुंबं, २७,००० माणसं. फुटपाथवर राहणाऱ्यांचा स्वतःचाच या मोजणीत सहभाग होता. ‘हे लोक काल आले, उद्या जातील’ हा समज त्यातून खोटा ठरला. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं त्याच जागी होती, कामं करत होती, आणि कामाच्या जागी चालत जाता यावं म्हणूनच तिथे राहत होती. पुढच्या वर्षी, १९८६ मध्ये, फुटपाथवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. थोडी थोडी बचत, अडीअडचणीला कर्ज, रेशनकार्डासाठी एकत्र जाणं, स्वतःच्या घराचा आराखडा स्वतः मापून काढणं. १९९५ च्या पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांनाही पात्र धरलं गेलं. पुढे काही कुटुंबांना मानखुर्दला घरं मिळाली.

आता याच्यावरही तोच चष्मा लावा, आपलं म्हणून सूट नको. इथे तुलनेचा गट नाही. जी कुटुंबं मध्येच पांगली त्यांचं काय झालं, हे यशाच्या गोष्टीत दिसत नाही. बरंचसं लिखाण या कामात असलेल्यांचंच आहे. म्हणून ‘बचत गटामुळे स्थैर्य इतक्या टक्क्यांनी वाढलं’ असं वाक्य यावरून लिहिता येणार नाही.

पण हे काम त्या प्रश्नासाठी नव्हतंच. ‘कोण आहेत, किती आहेत, किती वर्षांपासून आहेत’ हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याला गणनाच लागते. व्हाउचर असलेल्या देशात ‘कोणती मदत सरस’ हे चिठ्ठ्या टाकून विचारता येतं. जिथे माणूस यादीतच नाही, तिथे आधी यादी.

दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला एक गोष्ट दिसते. महिला मिलनच्या बायकांनी एकमेकींचा आधार हा घराला पर्याय म्हणून मांडला नाही. त्या आधाराच्या जोरावर त्या घर मागत होत्या. अमेरिकेतल्या कुटुंबांनाही ज्याने सर्वांत जास्त फरक पडला ते भाडं भरता येणं होतं. आणि आम्हाला मावशीने तेरा महिने तारलं, पण स्थिर केलं ते डिपॉझिटच्या पैशांनी. हे तिसरं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, एका कुटुंबाची गोष्ट आहे. पण ‘समाज आहे ना, तो बघून घेईल’ असं जेव्हा धोरणाच्या कागदावर लिहिलं जातं, तेव्हा तो भार कुणाच्या तरी वन रूम किचनवर पडतो, एवढं विचारायची सवय मला या वाचनाने लागली.

तुमच्यासाठी चार प्रश्न

‘आधार’, ‘सहभाग’, ‘सक्षमीकरण’ असे मऊ शब्द असलेलं कुठलंही संशोधन हाती आलं की हे विचारा:

१. आधार म्हणजे नेमकं काय दिलं? पैसे, जागा, वेळ, की सल्ला? नावावर जाऊ नका.

२. कुणाला दिलं? नमुन्यात येण्याआधीच कोण गळलं?

३. कशाच्या तुलनेत? आणि तुलनेच्या गटाला प्रत्यक्षात काय मिळालं?

४. कुणाच्या खर्चाने? हिशेबात न आलेलं माणूस कोण?

नव्या मसुद्यात माझं ते वाक्य आता असं आहे: “अमेरिकेतल्या १२ ठिकाणी, निवाऱ्यात किमान सात दिवस राहिलेल्या कुटुंबांमध्ये, दीर्घकालीन भाडे-अनुदानामुळे नेहमीच्या मदतीच्या तुलनेत अस्थिरता साधारण निम्म्याने घटली, नातेवाइकांच्या आणि वस्तीच्या आधाराचा परिणाम या अभ्यासाने तपासलेला नाही.” लांबलचक आहे, भाषणात टाळ्या मिळणार नाहीत. पण मॅडमनी या वेळी समासात काही लिहिलं नाही. आणि माझ्या मुलाखतींच्या प्रश्नावलीत एक नवा भाग आला आहे: ज्यांनी दुसऱ्या कुटुंबाला घरात ठेवून घेतलं, त्यांच्यासाठी. त्यातला पहिला प्रश्न मी मावशीला फोन करून विचारून पाहिला. ती म्हणाली, “हे आजवर कुणी विचारलं नव्हतं गं,” आणि मग तासभर बोलत राहिली.